मीठ शेतात पिकत नाही, अक्का

अक्का, शेवंता जेवत नाही.

तुम्हाला जाऊन आठवडा होत आला. ओसरीवर माणसांची ये-जा चालू आहे. तुमचे थोरले मालक भिंतीला टेकून बसतात आणि कुणी बोललं तर नुसती मान हलवतात. तुमचे दोघं लेक आल्या-गेल्याला पाणी विचारतात. आणि माझी चार वर्षांची पोर ताटासमोर तोंड मिटून बसते. सुरुवातीला आपली चूल बंद होती, भावकीतून भाकरी येत होत्या, तेव्हा मला वाटलं परक्या हातची म्हणून खात नसेल. आता चूल पेटली तरी तेच. घास पुढं केला की विचारते, "हे कुठून आलं?" मी म्हणते, "शेतातून आलं, आ कर." ती ओठ आवळून घेते आणि तुमचं नाव काढते. "तसं न्हाई. मोठीमाय सांगायची तसं सांग."

तुमच्या आठवणीत चार बरे शब्द लिहावेत म्हणून बसले होते आणि पहिलंच वाक्य गाऱ्हाण्याचं आलं. येऊ दे. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं. तुम्ही असताना हे लिहिलं असतं तरी तुम्ही कागद उलटा धरून बघितला असता आणि "लई चांगलं लिव्हलं बाई" म्हणून परत दिला असता. मग आता लपवायचं काय? मी तुमच्यावर जळत होते. तुम्ही गेल्यावर ते थांबेल असं वाटलं होतं. थांबलेलं नाही.

जावाजावांत जळायला कारणं पुष्कळ असतात. कुणाच्या अंगावर काय आहे, कुणाच्या माहेरून काय आलं, घरात कुणाचा शब्द चालतो. आपल्यात त्यातलं काही नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळं घर तुमच्याच हातात होतं आणि तुम्ही ते मला कधी जाणवू दिलं नाही. डबे-मडकी दोघींची, कोठीची किल्ली दोघींची. मी जळायचे ते संध्याकाळच्या जेवणावर.

भाकरी मी थापायच्या आणि भरवायच्या तुम्ही. असं कधी ठरलं होतं हे मला आठवत नाही, पण चालत आलं. पीठ माझ्या हाताला, धूर माझ्या डोळ्यांत, आणि माझी दोन्ही लेकरं तुमच्या मांडीशी. तुमचे स्वतःचे लेक तोवर मिसरूड फुटून औताला लागले होते. तुमचं भरवून झालं होतं, अक्का. तरी माझी लागायची.

"ह्यो घास बघ," तुम्ही तुकडा शेवंताच्या डोळ्यांपुढं धरायचात. "ह्यो आला आपल्या वरल्या पट्टीतून, बाभळीपासून. पेरणीला तिफण कोणी धरल्ती?"

"बानं."

"चाड्यावर मूठ कोणी धरल्ती?"

"तुवा."

"मंग दाणे भरले, पाखरं आली. माळ्यावर गोफण घेऊन कोण बसलं?"

"नामा," ती म्हणायची, आणि भावाचं नाव घेताना तिचं तोंड आपोआप उघडं पडायचं. घास आत.

पुढच्या घासाला खळं यायचं, त्याच्या पुढच्याला उपणणी. वारं पडलेलं असलं तर तुमच्या हातातला घास पण थांबायचा. दोघं लेकरं गाल फुगवून फुंकायची, मग तुम्ही म्हणायचात, "आला वारा, आला," आणि भूस एकीकडं, दाणा एकीकडं, घास तोंडात. पेवातली ज्वारी तर नामाला दर दोन दिवसांनी ऐकायची असायची. जमिनीखाली पेवात ज्वारी निजलेली असते. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. का? तर ती झोपेतून उठते, तिला आधी जांभई देऊ द्यायची. ती जांभई ज्याच्या तोंडावर आली तो जागीच झोपतो. पेवातल्या कोंडलेल्या हवेनं माणसं मरतात हे मला माहीत होतं. माझ्या वडिलांनी, जालन्याच्या मास्तरांनी, ते मला नीट समजावून सांगितलं होतं. पण नामा जन्मात कधी घाईनं पेवात उतरणार नाही, तो तुमच्या जांभईमुळं.

मी करून बघितलं नाही असं नाही. तुम्ही माहेरी गेला होतात तेव्हा मी दोघांना समोर बसवून सांगितलं, की ज्वारी हे आपल्या भागातलं मुख्य धान्य आहे आणि ते दोन हंगामांत येतं. नामानं जांभई दिली. पेवातली नव्हे, साधी. शेवंता म्हणाली, "मोठीमाय कधी येणार?"

तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर नव्हते म्हणून बरं. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असेल.

बरं, तुम्ही नुसतं सांगून थांबायच्या नाहीत. आज्यानं लावलेल्या चिंचेपासून तेल्याच्या घाण्यापर्यंत लेकरांना घेऊन फिरायचात. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर झापड का, तर त्याला वाटावं आपण राजूरच्या गणपतीला चाललोय. फिरून फिरून तिथंच आहोत असं कळलं तर तो बसेल. करडईचं तेल भाताला... नव्हे, भात आपल्याकडं कुठला, भाकरीला लावताना नामा आधी त्या बैलाची चौकशी करायचा, की आज तो कुठवर पोचला असेल. तेली हसायचा. आमचे हे हसायचे. मी तेवढी तव्याकडं बघत राहायचे.

एका सकाळी मात्र तुम्ही कहरच केलात. हरभरा घाट्यांवर आला होता. मी उठले तर अंथरुणात लेकरं नाहीत. तांबडं फुटत होतं, थंडी मी म्हणत होती. मी डोक्यावर पदर घेऊन तशीच वावरात धावले. बघते तर तुम्ही तिघं हरभऱ्यात. धुतलेलं पांढरं फडकं झाडांवर अंथरलेलं, पानांवरचं आंबट दव त्यात भिजत होतं. ती आंब पिळून बाटलीत भरायची, वर्षभर पोटदुखीला होते, हे मला ठाऊक होतं, पण कसं करतात ते मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. शेवंता फडक्याला जीभ लावून तोंड वेडंवाकडं करत होती. मी चांगली तोंड सोडायच्या तयारीनं आले होते. तुम्ही वर बघून म्हणालात, "चौथं टोक धर जल्दी. तुहीच वाट बघून राह्यलो आमी."

मी धरलं. पावलं गारठून बधिर झाली होती, हातांतून आंबट पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं आणि नामा ओरडून सांगत होता, "आई, हे आभाळानं रातीच्याला हरभऱ्याला देल्लंय." मला त्या दिवसाइतकं सुख ह्या घरात फार वेळा झालं नाही. आणि घरी परत येताना जळालेही तितकीच, कारण ते सुख तुम्ही दिलं होतं. माझ्या लेकरांबरोबरची माझी सकाळ, आणि तीही मला तुमच्या हातून मिळाली.

लढाईच्या दिवसांत सरकारी लेव्हीचं धान्य न्यायला गाड्या आल्या, तेव्हाचं आठवतं? पोती भरून चालली होती, घरातले पुरुष बघत उभे होते. नामानं विचारलं, "आपली ज्वारी कुठं चालली?" मला वाटलं आता तुम्ही अडकलात. कुठून आलं ते तुम्हाला माहीत, कुठं जातं ते कोण सांगणार? तुम्ही त्याला कडेवर घेतलं, तेवढा मोठा झाला होता तरी. म्हणालात, "तिथं बी एक नामा आसंल. त्येच्या आईनं त्येला सांगितलं पाह्यजे, ह्यो घास कुठून आला." नामानं पळत जाऊन गाडीवाल्याला बाभळीपासच्या पट्टीची सगळी हकिकत सांगितली. पुढं पोचती कर म्हणाला.

आता मिठाकडं येते. तुम्हाला वाटलं असेल मी ते टाळीन.

विचारलं नामानंच. "मोठीमाय, मीठ कुठून आलं?" आणि तुम्ही थांबलात. तव्यावरची भाकरी उलटायची विसरून मी कान देऊन बसले. इतक्या दिवसांत तुमची गाडी पहिल्यांदा अडली होती. राजूरच्या बाजारातून आपण मीठ आणतो, एवढं सगळ्यांना माहीत. पण बाजाराच्या अलीकडं थांबणाऱ्या तुम्ही नव्हतात.

"बराबर विचारलंस," तुम्ही म्हणालात. "आता बघ. ज्वारी काळीत पिकती, लसूण काळीत पिकतो, हळद बी काळीतच. मंग मीठ बी पिकतच आसंल कुठंतरी. पर त्येचा रंग बघ. काळीत कसं येईल? ते पांढऱ्या मातीत येत आसंल."

"मीठ शेतात पिकत नाही, अक्का," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच असेल. "समुद्राच्या पाण्याचं करतात."

"समुंदर म्हंजे?" नामा.

"खूप मोठं पाणी."

"पूर्णेवाणी?" हे तुम्ही विचारलंत. केदारखेड्याच्या लेकीला पाणी म्हटलं की पूर्णा.

"पूर्णेहून कितीतरी मोठं. पलीकडचा काठच दिसत नाही."

"पुरात आमच्या पूर्णेचा बी दिसत न्हाई." तुम्ही शांतपणे शेंगदाण्याची चटणी वाढत होतात. "तुवा पाह्यला का समुंदर?"

"नाही."

"तुह्या बानं?"

"नाही. पुस्तकात आहे."

तुम्ही नामाकडं बघून नुसती एक भुवई उचललीत. अक्का, ती भुवई मी आजपर्यंत विसरलेले नाही. ज्या एका गोष्टीत तुम्ही चुकला होतात आणि मी बरोबर होते, तीत पण लेकरं तुमच्या बाजूला बसली.

मग मीही हट्टाला पेटले. चैत्रातलं ऊन होतं. मातीच्या पसरट परळात पाणी घेतलं, त्यात मीठ विरघळवलं आणि घराच्या धाब्यावर नेऊन ठेवलं. लेकरांना म्हणाले, रोज चढून बघा. पाणी आटत गेलं. एक दिवस परळाच्या कडेला आणि तळाशी पांढरी खपली धरली. मी सगळ्यांना धाब्यावर बोलावलं, थोरल्या मालकांना सुद्धा. खपली बोटानं काढून नामाच्या जिभेवर ठेवली. "बघ, पाण्यातून मीठ आलं की नाही?"

नामानं चव घेतली, विचार केला. म्हणाला, "पर आई, ह्याच्यात मीठ तं तूच टाकलं व्हतं."

आमचे हे पाठ फिरवून आभाळाकडं बघायला लागले. थोरले मालक जिना उतरून गेले आणि खालून त्यांचा हसण्याचा आवाज आला. आणि तुम्ही, अक्का, तुम्ही तर धाब्यावर मटकन बसलात आणि पदर तोंडात कोंबून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. तुम्हाला ओढून उठवावं म्हणून हात पुढं केलात तो मी धरला नाही.

ह्याचा शेवट काय व्हायचा तोच झाला. मृगाच्या पेरण्या चालू होत्या. मोठी माणसं वावरात. नामानं मिठाचं मडकं उचललं, गोठ्यामागच्या पांढऱ्या मातीत खुरप्यानं तास ओढले, आणि पुढं तो, मागं शेवंता, अख्खं मडकं पेरून टाकलं. शेवंतानं वरून पाणी पण घातलं. संध्याकाळी मी कालवण करायला बसले तर मडकं रिकामं. दिवे लागले होते. दिवा लागल्यावर मीठ कुणी दारातून बाहेर देत नाही, मागायला पण कुणी जात नाही. मी नामावर हात उगारला आणि तुम्ही वरच्यावर धरलात.

"पेरलंय लेकरानं. उगवंल तवा मिळंल," म्हणालात, आणि सगळ्या घराला अळणी जेवायला लावलंत. पुरुष माणसं पण मुकाट्यानं जेवली. बिनमिठाच्या वरणाचा घास भरवताना तुम्ही लेकरांना काय सांगत होतात? की बघा, ज्वारी किती लांबून आली, तूर किती लांबून आली, आणि एकटं मीठ आलं न्हाई तं सगळे कसे उदास बसलेत ताटात.

इथवर ठीक होतं. पण सकाळी तुम्ही शेजारून मूठभर खडे मीठ आणलंत, गोठ्यामागं जाऊन मातीत खुपसून आलात आणि लेकरांना हाक मारलीत. दोघांनी उकरून काढलं. उगवलं, उगवलं म्हणून गावभर सांगत सुटली.

तेव्हा मी तुमच्याशी भांडले. आयुष्यात एकदाच. "तुम्ही त्यांना खोटं शिकवताय," मी म्हणाले.

"म्या खोटं न्हाई शिकवून राह्यले. म्या जेवाया शिकवून राह्यले."

"उद्या शाळेत मास्तर हसतील त्याला."

"हसू दे. तवर त्येला कळंल बी."

"कळेल तेव्हा तो म्हणेल, मोठीमाय खोटं बोलली."

"म्हणू दे की. तवा तुहं ऐकंल." तुम्ही मातीचे हात झटकलेत. "तुला तेच पाह्यजे ना?"

मला तेच पाहिजे होतं. ते तुम्हाला दिसलं ह्याचा मला इतका राग आला, की मी म्हणाले, "माझी लेकरं आहेत ती."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "व्हय की," म्हणालात. "तुहीच हायेत. म्या कुठं न्हाई म्हनलं?"

त्या संध्याकाळी तुम्ही तव्यापुढं जाऊन बसलात आणि भरवायला मला जागा करून दिलीत. मी सगळं खरं सांगितलं. नामा पाहुण्याच्या घरी जेवावं तसा मान खाली घालून जेवला. शेवंता अर्ध्या भाकरीवर झोपी गेली. दुसऱ्या दिवशी मी पीठ घेतलं आणि तव्यापुढं बसले. तुम्ही लेकरांपाशी. पुन्हा तो विषय ना तुम्ही काढलात ना मी.

तुमची एक रीत होती. मीठ कधी हातावर द्यायचं नाही, दिलं की दोघांत भांडण लागतं. मी हात पुढं केला तरी तुम्ही वाटी जमिनीवर ठेवायचात आणि मी ती उचलायची. त्या भांडणानंतर एकदा मी वैतागून म्हणाले होते, द्या हातावर, अजून काय व्हायचं राहिलंय? तुम्ही वाटी खाली ठेवलीत आणि मागं सरकलात.

मग तुमच्या पायांवर सूज आली, तोंडावर आली. वैद्यांनी मीठ बंद केलं. लेकरांना अळणी घासाची गंमत सांगणाऱ्या तुम्ही महिनोन् महिने अळणी खाल्लंत आणि एकदा तक्रार केली नाहीत. शेवंता तुमच्या खाटेवर बसून जेवायची. भरवायला हात उचलत नव्हता, पण सांगणं चालू होतं. घास मी द्यायचा, वाट तुम्ही सांगायची. मी त्यातही जळले, अक्का. आजाऱ्यावर कोण जळतं? मी जळले.

शेवटच्या दिवसांतली ती दुपार. घरात आपण दोघीच होतो. तुम्ही हात पुढं केलात आणि म्हणालात, "जरा मीठ दे."

"वैद्यांनी सांगितलंय ना..."

"खात न्हाई. हातावर दे."

"हातावर?"

"व्हय. आपलं भांडायचं ऱ्हायलंय. म्या हाये तवर भांडून घे."

मला वाटलं तापात बोलताय. पण तुमचे डोळे स्वच्छ होते, आणि ती भुवई वर गेलेली. मी एक खडा आणून तुमच्या तळहातावर ठेवला. तुम्ही मूठ मिटलीत.

"आता बोल," म्हणालात. "कामून जळती माह्यावर?"

कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला? पहिल्यापासूनच असेल. मला केवढं तरी बोलायचं होतं. म्हणायचं होतं की एक दिवस, एकच दिवस, माझ्या पोरीनं तुमच्या मांडीवरून उठून आपणहून माझ्याकडं यावं. म्हणायचं होतं की समुद्र आहे, अक्का, खरंच आहे, तुम्ही एकदा तरी हो म्हणायला हवं होतं. म्हणायचं होतं की तुमच्यासारखं मला सांगता आलं असतं, तर मी तुम्हाला पण सोडलं नसतं, तुमच्याही मांडीशी येऊन बसले असते. ह्यातलं मी काहीच बोलले नाही. "अक्का, काढ्याची वेळ झाली," एवढं म्हणाले आणि उठले. परत आले तेव्हा तुम्हाला डोळा लागला होता. मूठ तशीच मिटलेली होती.

आता शेवंता. आज मी भाकरी केली, वरण केलं, तिला घेऊन परसात बसले. नामाला मुद्दाम बाहेर पाठवलं, त्यानं मध्ये बोलून मला चुका दाखवू नयेत म्हणून. घास पुढं धरला. म्हणाले, "हा आला वरल्या पट्टीतून." ती ऐकत होती. तिफण, चाडं, गोफण, सगळं बरोबर क्रमानं सांगितलं. तोंड मिटलेलंच. पोरगी वाळत चालली आहे अक्का, गळ्याची हाडं दिसतात.

मग तिनंच विचारलं, "मोठीमाय कुठून आल्ती?"

इतक्या माणसांनी तिला आठवडाभर सांगितलं, मोठीमाय कुठं गेली ते. देवाघरी गेली, लांब गेली, चांदणी झाली. तिनं ते कुणाचंच ऐकून घेतलेलं नाही. तुमच्या हातचं खाल्लेली पोर ती, तिला कुठं गेली ह्याच्याशी काय करायचंय? तिला कुठून आली ते पाहिजे.

ते मला ठाऊक होतं. दळताना तुम्हीच सांगितलेलं. मी सांगितलं, केदारखेड्याहून आल्ती. पूर्णेच्या वाळूत तिच्या बाची वाडी होती, टरबुजं, काकड्या. उन्हाळ्यात सगळं घर वाळूतच राहायचं, आणि मोठीमाय कोल्हे हाकायला डबा वाजवत बसायची. एवढीशी होती, तुझ्यापेक्षा थोडी मोठी, तेव्हा लग्न झालं. गाडीत बसवली तर नदी ओलांडेपर्यंत रडली आणि नदी ओलांडली की झोपली. गाव आलं तेव्हा तिला उचलून उतरवावं लागलं. उतरवली कुणी? आजीनं. मांडवात जागी कुणी केली? तिचं तिलाच जाग आली, भूक लागली म्हणून.

शेवंताचं तोंड उघडं होतं. मी घास दिला. मग दुसरा दिला. तिनं सबंध भाकरी खाल्ली, अक्का. वरण वाटी पुसून खाल्लं. माझ्या हातानं, माझ्या तोंडून ऐकत, आणि तरी तुमच्याच नावावर जेवली. मी डोळे पुसले. त्यातलं निम्मं पाणी रागाचं होतं हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

मी ताट उचलणार तेवढ्यात ती म्हणाली, "आन तू?"

"मी काय?"

"तू कुठून आल्ती?"

लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांची मुलगी, एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं.

"जालन्याहून," मी म्हणाले.

तिनं तोंड मिटून घेतलं. एवढ्यावर तिचं भागणार नव्हतं.

मग मी आणखी एक भाकरी घेतली, मोडली आणि सांगायला लागले. रुळापासचं आमचं दोन खोल्यांचं घर सांगितलं. रेल्वे गेली की फळीवरची भांडी कशी वाजायची आणि आई त्यांना गप्प बसा म्हणायची ते सांगितलं. वडील शाळेतून येताना खिशातून फुटाणे आणायचे, त्यात खडूची पूड मिसळलेली असायची, ते सांगितल्यावर ती हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. ह्या गोष्टीत मी तुम्हाला येऊ देणार नव्हते, अक्का. ही माझी होती. मी वाट लांबवत नेली. लग्नाची गाडी जालन्याहून निघाली, बैलांना पाणी पाजलं, एका बैलाच्या खुराची पत्री निसटली, पुन्हा थांबलो, पुन्हा पाणी पाजलं. पण गाडी म्हटल्यावर ती कधीतरी गावात येणारच. गावात आली, आपल्या दारापाशी आली.

"मंग दारात कोण व्हतं?" शेवंतानं विचारलं.

घास माझ्या हातात तसाच राहिला. कुणाचंही नाव सांगता आलं असतं. तिला काय कळणार होतं? पण लेकरांना खरं सांगायचं, हा हट्ट तुमचा नव्हता, माझा होता.

भाकरतुकडा ओवाळून टाकायला दारात तुम्ही उभ्या होतात, अक्का.